चिमणाबाईंच्या आवडीचं

“मीठ झालं, लिंबं झाली. कोशिंबिरीला काकडी लिही सहा किलो,” दत्ताजीराव म्हणाले. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत. “दही तीन किलो. दाण्याचं कूट घरी करू, दाणे दीड किलो. लिहिलंस?”

“लिहिलं, अण्णा.” त्यांची लेक भक्ती समोर सतरंजीवर बसून मोबाइलात टाइप करत होती. सासर बडोद्यातच, अकोट्याला, पण आई गेल्यापासून ती इथं माहेरी कारेलीबागेत राहिली होती.

यादी तेराव्याच्या जेवणाची होती. शंभरेक माणसांची. तेरावं चिमणाबाईंचं, म्हणजे दत्ताजीरावांच्या बायकोचं.

आता दत्ताजीरावांची यादी करायची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस आचारी. आजोबा गायकवाडी घोडदळात, बाप मिलमध्ये, आणि हे कढईपुढं. शाळा सातवीत सुटली. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांची लग्नं, मुंजी, बारशी त्यांच्या हातनं झाली, पण यादीचा कागद म्हणून कधी जवळ बाळगला नाही. यजमानाच्या घरी जाऊन बसायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात एक केळीचं पान मांडायचं. मग ते पान वाढायला घ्यायचं, मिठापासून. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग उजवीकडं भाजी, आमटी. हात फिरेल तसं सामान तोंडातून बाहेर येणार, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. मधेच कुणी ‘चहा टाकू का’ म्हणालं की झालं, पान पुसलं गेलं. पुन्हा मिठापासून.

तेराव्याची यादी असली म्हणजे सगळं वाढून झाल्यावर हात पानावर एका जागी थांबायचा आणि ते विचारायचे, “गेलेल्यांना काय आवडायचं?” कारण गेलेल्याचं एक पान वेगळं वाढतात, त्यात त्याच्या आवडीचं काहीतरी लागतंच. गंमत अशी की रडणारी घरंसुद्धा या प्रश्नावर थोडी हसायची. कुणी म्हणायचं, नाना चोरून भजी खायचे. कुणी म्हणायचं, काकूंना जिलबी द्या, पण कुरकुरीत, नाहीतर तिथून शिव्या देतील.

आजही हात फिरला. भात झाला, वरण झालं, पुऱ्या झाल्या, बुंदी झाली. मग हात थांबला, तो थांबलाच.

“अण्णा? पुढं काय?”

“तुझ्या आईच्या आवडीचं.”

“हो. काय लिहू?”

दत्ताजीरावांनी डोळे उघडले. “पुरणपोळी लिही.”

“पुरणपोळी तुम्हाला आवडते.”

“मग श्रीखंड.”

“ते दादाला.” दादा म्हणजे पृथ्वीराज, त्यांचा गोत्री भागात राहणारा मुलगा. “आई आपली वाटी पण त्यालाच द्यायची.”

“मग तू सांग की. तू लेक तिची.”

भक्तीनं मोबाइल मांडीवर ठेवला. “मी आले की तव्यावरची पोळी थेट माझ्या ताटात यायची. तू बस ग, म्हटलं तर म्हणायची, माझं होईल मागनं. काय खायची ते मी कधी बघितलंच नाही.”

“मी आणायचो ते खायची,” दत्ताजीराव म्हणाले. “बासुंदी आणली, मठ्ठा आणला, बटाट्याची भाजी आणली. खाऊन म्हणायची, छान झालंय.”

“सगळ्यालाच?”

सगळ्यालाच म्हणायची ती. खारट झालेल्या मसालेभातालासुद्धा.

लग्नसराईत रात्री उशिरा ते घरी यायचे, हातात उरलेल्या अन्नाचे डबे. ती जेवायची थांबलेली. स्टोव्हकडं हात गेला की ते म्हणायचे, “पेटवू नको बाई. दिवसभर जाळापुढं उभा आहे, घरात तरी आग नको मला.” तेही खरंच होतं. अंगाची लाही झालेली असायची, डोळ्यांत धूर. मग दोघं डबे उघडून बसायची. भात गार, भाजीवरचं तूप थिजून पांढरं झालेलं. ते दोन घास खायचे. आचाऱ्याला कुठली भूक, वासानंच पोट भरतं. ती सगळं निपटून खायची, टाकायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशीही तेच पुरायचं. पुढं गॅस आला, तरी रीत तीच राहिली.

तेवढ्यात गोविंदरावांचा फोन आला. गोविंदराव त्यांचे जुने जोडीदार, तेराव्याचा स्वयंपाक तेच करणार होते.

“दत्ताजी, यादी पाठवतोस का? दुकानदार डोकं खातोय.”

“एक राहिलंय.”

“काय?”

“आवडीचं.”

“लाडू टाक की. बायकांना लाडू आवडतात.”

“कुणाच्या बायकांना?” दत्ताजीराव म्हणाले आणि फोन ठेवला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारलं आणि आपल्या घरचं उत्तर नाही. त्यांना आठवलं, एकदा एका जावयाला सासूची आवड सांगता आली नव्हती, तेव्हा बाहेर आल्यावर ते गोविंदरावांना म्हणाले होते, कसली माणसं ही.

ते उठले, चपला घातल्या आणि गॅलरीतून शेजारच्या मंजुळाबेनच्या दाराशी गेले. सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“आवो ने दत्ताजीभाई, अंदर या.”

“नाही बेन, इथंच बरा आहे. एक विचारायचं होतं. हिला खायला काय आवडायचं, तुम्हाला काही माहीत आहे?”

मंजुळाबेननी पदराला हात पुसले. त्या हसल्या नाहीत की नवल वाटल्यासारखं केलं नाही. “चिमणाबेनला गरम आवडायचं.”

“गरम काय?”

“गरम. जे असेल ते.” त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. “सकाळी मी रोटली करायला घेतली ना, की ती यायची. इथं ओट्याजवळ उभी राहायची. मी म्हणायची, बसो ने, ताट देते. तर म्हणायची, बसेपर्यंत निवेल. तव्यावरनं उतरली की हातात घ्यायची, या हातातून त्या हातात, फू फू करत. वर नुसतं मीठ. शाक-भाजी पण नको म्हणायची. जीभ भाजायची अन् हसायची. नानी छोकरी जेवी, लहान पोरीसारखी.”

“रोज?”

“तुमची लग्नं असतील तेव्हा रोज. एकच खायची. दुसरी दिली तर म्हणायची, घरी डबे आहेत, ते कोण खाईल.”

दत्ताजीराव खाली बघत होते. “मला कधी बोलली नाही.”

“मी म्हटलं होतं तिला, सांग ने तुझ्या घरवाल्याला, एवढा मोठा महाराज आहे, रसोई करणारा. तर म्हणाली, तो आगीपुढनं येतो दमून, त्याला परत आगीपुढं कशाला उभं करू.”

ते परत आले. भक्ती तशीच बसली होती.

“काय लिहायचं, अण्णा?”

“गव्हाचं पीठ वाढव दोन किलो.”

“पुऱ्यांचं धरलंय की.”

“पुऱ्या लोकांना,” ते म्हणाले. “पाठव आता यादी.”

तेराव्याला सोसायटीच्या पटांगणात मांडव घातला. गोविंदरावांनी कढया लावल्या, पृथ्वीराज पाणी बघत होता. चिमणाबाईंचं पान घरात, बाहेरच्या खोलीत, फोटोपुढं मांडलं. दत्ताजीरावांनी ते स्वतः वाढलं, मिठापासून बुंदीपर्यंत. मग आत गेले, गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

पोळी फुगली तशी चिमट्यानं न धरता बोटांनीच उचलली आणि बाहेर आणून पानावर ठेवली. तुपाशिवाय, वर मिठाची चिमूट. आता पान पूर्ण झालं, भक्तीनं हात जोडले, बाकीच्यांनीही जोडले. गेलेल्याचं पान झालं की पंगत बसवायची, म्हणून गोविंदराव दारात येऊन थांबले होते.

“चल दत्ताजी. लोक खोळंबलेत.”

“थांब जरा.” दत्ताजीराव खाली वाकले आणि बोटांची मागची बाजू पोळीला लावून बघितली. “निवली.”

“निवणारच की रे.”

“तुम्ही बसवा पंगत. मी आहे इथं.”

ते आत गेले, दुसरी लाटली, भाजली, घेऊन आले. पहिली उचलून दुसरी ठेवली. ती निवत आली तशी तिसरी. बाहेर पंगत बसली, वाढपी फिरू लागले, कुणीतरी वरण मागत होतं. पृथ्वीराज दोनदा बोलवायला येऊन दारातूनच परत गेला. भक्ती आत येऊन म्हणाली, “द्या अण्णा, मी लाटते.”

“नको. तू जेव जा.”

“तुम्ही?”

“माझं होईल मागनं.”

ती गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. दत्ताजीराव ताजी पोळी घेऊन आले, वाफ निघत होती, बोटं लाल झालेली. ती पानावर ठेवली. पानावरची निवलेली त्यांनी उचलली, तिथंच उभ्या उभ्या खाल्ली, कोरडीच, आणि पुन्हा तव्याकडं गेले.