भरून मिळणारी करवंटी

सन दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात हे सगळं घडलं. मासेमारी बंद होती, मिरकरवाडा बंदरातल्या होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या होत्या आणि पुरुषमंडळींची दुपार जाता जात नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी करवंटी आहे. पावस गावच्या एका माडावर मी वाढले. नारळ फुटला, खोबरं सोलकढीला गेलं आणि माझी दुसरी अर्धी वाटी बंबात जळाली. मला मात्र भिकाजींनी उचललं. काचेच्या तुकड्याने घासून, खोबरेल चोळून त्यांनी मला काळीभोर आणि गुळगुळीत केलं. माझं काम ठरलं होतं. पडवीत पत्त्यांचा डाव बसला की प्रत्येकाला एक करवंटी काजूबिया मोजून द्यायच्या. त्याच बिया डावावर लावायच्या.

भिकाजी जन्मभर मालवाहू जहाजांवर खलाशी होते. तिथे ते पोकर शिकले. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये एकेक करून पाच उघडी पानं, ती सगळ्यांची मिळून. ज्याचा मेळ मोठा तो जिंकला. खेळायला बसत ते स्वतः, त्यांची बायको यमुनाबाई, पुतण्या नितेश आणि नितेशचा मित्र रघू. नितेश एका ट्रॉलरवर तांडेल होता, म्हणजे ट्रॉलर हाकणं आणि खलाशी सांभाळणं त्याच्याकडे. रघू त्याच ट्रॉलरवर जाळी सांभाळायचा.

"समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखायला जाऊ नको," भिकाजी नितेशला सांगत. "ते ज्योतिषाचं काम. काय काय असू शकेल ते बघ. माशांची झाकलेली पाटी आली तर तू काय करतोस?"

"होडी कुठून आली ते विचारतो."

"बस. मग पाटीत काय असेल आणि काय नसेल ते निम्मं कळतं. इथेही तसंच. तो कधी बोलला, किती बिया पुढे सारल्या, कधी गप्प बसला, ते बघत एकेक मासा पाटीतून काढून टाक. उरेल त्यावर खेळ."

नितेशला हे लगेच उमगलं. त्या दोन महिन्यांत तो इतका चांगला खेळायला लागला की भिकाजी त्याच्यापुढे पानं टाकताना विचार करू लागले.

पण माझ्या पोटात बिया असत, म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसे. हातातली पानं तीच असली तरी बिया भरपूर असल्या की माणूस निवांत बसून बघतो. बिया संपत आल्या की एक तर भिऊन चांगली पानंही टाकून देतो, नाहीतर कंटाळून सगळं एकदम लोटतो. हे शिकायला रिकामं व्हावं लागतं, आणि आमच्या पडवीत रिकामं कुणी होतच नसे. कुणाच्या बिया संपल्या की यमुनाबाई उठत, पोत्यातून मला भरून आणत आणि त्याच्यापुढे ओतत.

"अगो, हरलाय तो. हरू दे की," भिकाजी म्हणत.

"तुमच्या जहाजावर हरू दे. माझ्या पडवीत कुणी मोकळ्या हाताने बसायचं नाही."

"काकी, मलापण," रघू म्हणे.

"तुला नाही, मेल्या. तू अर्ध्या बिया खिशात घालून घरी भाजून खातोस."

सगळे हसत. मलाही तेव्हा फार मोठेपणा वाटे. मी घराची माया वाटते आहे असं मला वाटे.

त्याच पावसाळ्यात नितेश आणि रघू मिळून एक जुनी होडी घेणार होते. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर किती वर्षं राबायचं? नितेशच्या हिश्शासाठी त्याची शिल्लक होती आणि त्याची बायको दीपाली हिने पाटल्या गहाण ठेवून दिलेले पैसे होते. तरी थोडे कमीच पडत होते. नारळी पौर्णिमेच्या आत सगळे द्यायचे होते.

एका रविवारी दुपारी नितेशने मला पिशवीत टाकलं. बहुधा माझ्यामुळे डाव लाभतो अशी त्याची समजूत असावी. शहराबाहेर आंब्याच्या पेट्या भरण्याची एक शेड होती. हंगाम संपल्यामुळे ती रिकामी होती. तिथे चार-पाच जण पैसे लावून खेळत. त्यांतले गुरुप्रसादशेठ आंब्याचे व्यापारी, हसतमुख माणूस. होडीचे पैसे देऊन नितेशने रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या घेतल्या आणि माझ्यात ठेवल्या. त्या हलक्या होत्या. मला काही भरल्यासारखं वाटलंच नाही.

तो चांगला खेळत होता, हे मी शपथेवर सांगेन. मग एका डावात त्याच्याकडे दोन राजे आले. मध्ये चार पानं उघडली, त्यांत तिसरा राजा होता आणि दोन पानं बदामाची होती. शेठनी मोठा ढीग पुढे सारला. नितेशने त्या ढिगाकडे पाहिलं. तो मनात पाटी रिकामी करत होता. शेठकडे एक्का-राजा असेल, नाहीतर दोन लहान जोड्या, नाहीतर दोन बदाम असतील आणि ते पाचव्या बदामाची वाट बघत असतील. यांतलं काहीही असलं तरी आत्ता नितेशच पुढे होता. बदाम असले तरी असा डाव पाच वेळा खेळला तर चार वेळा तोच जिंकेल.

त्याने मला उपडं करून सगळ्या चकत्या डावावर ओतल्या.

शेठनी पानं दाखवली. दोन बदाम होते. नितेशचा अंदाज अगदी बरोबर होता. शेवटचं पान उलटलं, ती बदामाची सत्ती होती. शेठचे पाच बदाम झाले, आणि पाच बदाम तीन राजांवर चढतात.

"चांगला खेळलास रे," शेठ म्हणाले, आणि त्यांनी ते मनापासूनच म्हटलं. "आज माझा दिवस होता. पुढच्या रविवारी ये."

नितेश घरी आला. पडवीत भिकाजी, यमुनाबाई आणि दीपाली बसली होती. त्याने सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. भिकाजींनी आधी पानं विचारली.

"मग बरोबर खेळलास," ते म्हणाले.

"हो ना, काका?"

"पानं बरोबर खेळलास. पण शेठ असा डाव हरला असता तर पुढच्या रविवारी परत आला असता. तुला पुढचा रविवार होता का?"

यमुनाबाई सवयीने उठल्या, पोत्याकडे गेल्या आणि त्यांनी मला काठोकाठ भरून नितेशपुढे ठेवलं. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. कुणीही मला हात लावला नाही. शेवटी दीपालीने मला उचललं आणि बिया परत पोत्यात ओतल्या.

"आता नको, काकी," ती म्हणाली.

त्यानंतर त्या पडवीत पोकर झालं नाही. मी कोनाड्यात पडून राहिले. मुंग्या आल्या, गेल्या.

रघूने नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहिली, मग बुरोंडी गावचा एक भागीदार घेतला. ती होडी आज चांगली चालते. नितेश तिच्यावर तांडेल आहे, पगारावर. रघू त्याला अजून नित्या म्हणतो. नितेश रघूला शेठ म्हणत नाही, पण पूर्वीसारखी नावाने हाकही मारत नाही. दीपाली काजूच्या कारखान्यात जाते. तिची एक पाटली सुटली, दुसरी सुटायची आहे. भिकाजी दोन वर्षांनी गेले. गुरुप्रसादशेठ समाचाराला आले होते आणि जाताना नितेशच्या खेळाचं कौतुक करून गेले. यमुनाबाईंचे गुडघे धरले आहेत, त्या आता बसूनच असतात.

नितेशची मुलगी सानवी सुट्टीत मला खाली काढते आणि शेजारच्या पोरांबरोबर बिया लावून पत्ते खेळते. तिलाही अंदाज चांगला येतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी थकले आहे, आणि करवंटी एक दिवस बंबात जायचीच. त्या दिवशी पाणी चांगलं तापेल. एवढंच सांगते. सानवीच्या बिया संपल्या की घाईने तिच्यापुढे काही ओतू नका. थोडा वेळ तिला तशीच मोकळ्या हाताने बसू द्या. मग जेवायला हाक मारा.