मुखपृष्ठामागचं पान

छापलेला शब्द अमर असतो. निदान पिना गंजेपर्यंत तरी.

शिलाई मशीन दुरुस्तीच्या अकरा पुस्तिकांच्या पिना गंजल्या, तेव्हा आरेखकाच्या साडूंनी जाहीर केलं, "घरच्या स्कॅनरवर सगळं उतरवून ठेवतो." मजकूर साडूंचा, म्हणून मुखपृष्ठावर त्यांचं नाव चांगलं वीतभर. आकृत्या आरेखकाच्या. एकूण एक स्क्रू त्याने हाताने काढलेला, आणि त्याचं नाव मुखपृष्ठाच्या पाठीमागे, एरवी मोकळ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढं. आयुष्यात त्याचं नाव छापून आलं ते एवढंच.

फायली आल्या. आरेखकाने पानं मोजली. प्रत्येक पुस्तिकेत एक कमी. कोणतं, ते सांगायला नकोच.

"एकदा राहिलं असतं तर चूक म्हटलं असतं," तो बायकोला म्हणाला. "अकराच्या अकरा वेळा? तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने मला पद्धतशीर उडवलंय."

"अहो, त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. ते कसला डाव टाकतायत!"

"तेच तर सोंग आहे."

चहाच्या निमित्ताने तो साडूंकडे थडकला. टेबलावर स्कॅनर, शेजारी ब्लेड. केराच्या टोपलीत कागदाच्या पट्ट्या. तो टोपलीपाशी वाकला.

"ब्लेड कशाला, साडूभाऊ?"

"पिना उचकटायला. आणि तू टोपलीत काय शोधतोयस?"

"सहज."

पट्ट्या नुसत्या फाटक्या कडांच्या निघाल्या. गठ्ठ्यात पानं सगळी होती, मुंगीसकट. तो आणखीच सावध झाला. पुरावा इतका नीट जपणारा माणूस साधा नसतो.

"माझ्यासमोर घाला बघू."

साडूंनी कपाळावरचा चष्मा शोधून डोळ्यांवर घेतला आणि कागद सरकवला. यंत्राने तो दोन्ही बाजूंनी वाचला. पडद्यावर मुखपृष्ठ आलं, पाठ आली नाही. पुन्हा घातला. पुन्हा तेच. आता साडूच त्याच्याकडे रोखून पाहू लागले. "तू कशाला हात लावलास का रे?"

शेवटी दोघांनी मिळून सेटिंग उघडलं. 'कोरी पानं वगळा' या ओळीपुढे बरोबरची खूण होती. स्कॅनर खोक्यातून निघाला तेव्हापासूनच होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : एक टक्क्याहून कमी शाई असलेलं पान कोरं समजलं जाईल.