कोणाचीच नसलेली हाक

फ्रिजचं दार सताड उघडं होतं आणि पडद्यावर चार अंश दिसत होतं. धाकटीने आतला सेन्सर बाहेर ओढून मुठीत घट्ट धरला. तळहात घामेजला होता, सेन्सर चांगलाच तापला असणार. पडद्यावर चारच.

"बघ," ती म्हणाली. "याला विचारलं तर घराला आग लागली तरी सगळं आलबेल आहे."

थोरलीने पाहिलं आणि आधी दार लावलं. या दोघी सख्ख्या बहिणी एकाच कंपनीत होत्या, आणि थोरली धाकटीची वरिष्ठही होती. तिच्या गटाकडे कर्नलचं काम होतं. कर्नल म्हणजे संगणकाच्या मुळाशी बसलेला, प्रत्येक सुट्या भागाशी बोलणारा प्रोग्राम. यंत्र रक्तपेढीसाठी होतं. फ्रिजमधल्या पिशव्यांचं तापमान पाहायचं, वाढलं की बोंब ठोकायची, एवढंच त्याचं काम. दुपारी गाडी ते न्यायला येणार होती. पिशव्या गरम झाल्या आणि पडदा शिळाच आकडा दाखवत राहिला, तर ते रक्त कोणाच्या तरी अंगात चढणार होतं.

बिघाड कुठे दिसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. का होतो, हे कोणालाच नाही.

बोर्डवर जागा कमी, म्हणून तीन भाग एकाच इंटरप्ट लाइनवर बसवले होते: तापमानाचं कार्ड, नेटवर्कचं कार्ड आणि बटणं, दिवे, भोंगा असलेलं पॅनेल. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि दाराला घंटा एकच, तसा प्रकार. घंटा वाजली की कर्नल हातातलं काम टाकून उठतो आणि प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, विचारतो: तुझी का? ज्याची असेल त्याने आपल्या कार्डाला गप्प करायचं आणि "माझी" म्हणायचं. बाकीच्यांनी "माझी नाही" म्हणायचं. तिघांनीही हात झटकले आणि घंटा वाजतच राहिली, तर कर्नल काही काळ धीर धरतो आणि मग घंटेची तारच काढून टाकतो. तार गेली की तिघेही मुके.

इथे तेच झालं होतं. कर्नलने नोंद ठेवली होती: हाक कोणाचीच नाही, लाइन बंद करत आहे.

"माझ्याकडे बघू नका," नेटवर्क सांभाळणारा म्हणाला. त्याला सगळे जावई म्हणत. उशिरा यायचा, मान घ्यायचा आणि काम सांगितलं की सासरी आल्यासारखा रुसायचा. "माझं कार्ड सज्जन आहे. वाजवलं तर कबूल करतं."

"बिघाड झाला की नेटवर्क पण पडतं," थोरली म्हणाली.

"घर कोसळल्यावर भाडेकरूही खाली येतो, ताई. त्याने घर पाडलं असं होतं का?"

थोरली हसली नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि तापमानाच्या ड्रायव्हरमध्ये एक ओळ बदलली. आता कोणतीही हाक आली तरी तो "माझी" म्हणणार होता. कोणीतरी हाक पदरात घेतली की कर्नलची तक्रार संपली, तार शाबूत.

"अगं, पण ज्याने वाजवलं तो गप्प झालाच नाही," धाकटी म्हणाली. "कर्नल दाराशी धावेल, हा म्हणेल माझी, तो परत वळेल, घंटा चालूच. दिवसभर दाराशी ये-जा करत बसेल. बाकीची कामं कोण करणार?"

"होतंय का तसं? चालवून बघ."

चालवलं. सकाळभर आकडा नीट हलत राहिला. दार उघडलं की वाढायचा, लावलं की उतरायचा. थोरलीने मान डोलावली आणि गाडीवाल्याला निरोप देऊन टाकला.

धाकटीला चैन पडेना. ती खोलीत येरझारा घालू लागली. खिडकीशी जायची, परत यायची, येताजाता पॅनेलचं एखादं बटण दाबायची. आकडा बघायची, पुन्हा खिडकी.

"बाई, तू बस," जावई म्हणाला. "तुझ्याकडे बघून मलाच धाप लागलीय. आणि त्या बटणांनी तुझं काय घोडं मारलंय?"

ती दुसरं बटण दाबायला निघाली होती. बोट तसंच हवेत राहिलं.

"आपण जेवून आलो की बिघाड दिसतो," ती सावकाश म्हणाली. "चहा पिऊन आलो की दिसतो. समोर बसलेलो असताना एकदा तरी दिसलाय?"

"यंत्र लाजाळू आहे."

"समोर असलो की आपण हात लावत राहतो, म्हणून तो होत नाही. कोणी ना कोणी चाळा करत असतंच."

थोरली शेजारच्या खोलीत फोनवर होती. धाकटीने सकाळची ती ओळ काढून टाकली, ड्रायव्हर पुन्हा खरं बोलेल असा केला, आणि यंत्र नव्याने सुरू करून खुर्चीत बसली. हात मांड्यांखाली दाबले. जावयालाही दटावलं की टेबलाला बोटसुद्धा लावायचं नाही.

नुसतं बसणं इतकं कठीण असेल असं तिला वाटलं नव्हतं. नाकाला खाज आली. केस डोळ्यांवर आले. जावयाचा गुडघा एकसारखा हलत होता, तिने त्याच्याकडे डोळे वटारले तेव्हा थांबला आणि दुसरा सुरू झाला. पडद्यावर चार, मग साडेचार, पुन्हा चार. पॅनेलवरचा हिरवा दिवा मंद झाला आणि विझला. बराच वेळ कोणी हात लावला नाही की वीज वाचवायला पॅनेल झोपी जातं.

"आता," ती म्हणाली आणि फ्रिजचं दार उघडलं.

आकडा चारवरच थिजला. नेटवर्क पडलं. कर्नलची तीच नोंद.

"मेलो," जावई म्हणाला, पण त्याच्या आवाजात समाधान होतं. "पॅनेल."

पॅनेलचा ड्रायव्हर फार मोठा नव्हता. हाक आल्यावर काय करायचं तो भाग तिने उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: पॅनेल झोपलेलं असेल तर विचारू नका, "माझी नाही" म्हणा. पण फ्रिजचं दार उघडल्याची खबर देणारी कळ पॅनेललाच जोडलेली होती आणि झोपेतही वाजत होती. घंटा वाजवणाऱ्यालाच कोणी विचारत नव्हतं, कारण तो झोपलाय असं सगळे धरून चालले होते.

लिहिणाऱ्याचं नाव वर होतं. धाकटीने ते वाचलं आणि उठून ताईला बोलवायला गेली.

थोरलीने उभ्याउभ्याच वाचलं. "हे जुन्या यंत्रासाठी होतं," ती म्हणाली. "तेव्हा दाराची कळ नव्हती. झोपलेल्या पॅनेलला विचारलं की ते भलतंच बरळायचं, प्रत्येक हाक आपलीच म्हणायचं. म्हणून हे घातलं."

"तेव्हा बरोबरच होतं, ताई."

"मला समजावू नकोस."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जावई खिडकीतून डोकावला. "आली. झोपलेल्याला आधी उठवा, मग विचारा, दोन ओळींचं काम आहे. घाला आणि द्या पाठवून. रस्त्यात बिघडायला यंत्राला वेळ कुठे आहे?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. थोरली गेले कित्येक दिवस घरी जेवणाच्या ताटावरही या यंत्राबद्दलच बोलत होती. आज ते जाणार म्हणून तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तिने फोन लावला. पलीकडे रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई.

"मॅडम, यंत्र आज येत नाही."

"अहो, सकाळीच निरोप आला की निघतंय."

"चुकीचा होता. दार उघडल्यावर आकडा अडकतोय. कारण आत्ता सापडलंय, पण दुरुस्ती करून ते पुरेसं तपासलेलं नाही."

"आमची एक सिस्टर दर तासाला थर्मामीटर बघायला उभी असते. आजपासून ती वॉर्डात जाणार होती. वॉर्डात माणूस नाही, तुम्हाला कल्पना आहे का?"

"आहे. पण तिला उभीच ठेवा."

पलीकडून बराच वेळ बोलणं चालू राहिलं. थोरली "हो", "बरोबर आहे", "मान्य आहे" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने जावयाला गाडी परत पाठवायला सांगितलं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जिना उतरला.

"मी सकाळी घातलेली ओळ काढलीस?" तिने विचारलं.

"काढली."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

थोरलीने तिच्याकडे वळून पाहिलं. ती रागावलीय की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून धाकटीला लहानपणीही कधी कळलं नव्हतं.

"आकडा शिळा झाला की पडद्यावर रेघ यायला हवी," थोरली म्हणाली. "आकडा दिसताच कामा नये. हे आधीच सुचायला हवं होतं. सरक."

धाकटी उठली. थोरली तिच्या खुर्चीत बसली, की-बोर्ड जवळ ओढला आणि स्वतःच्या नावाखालची ओळ पुसायला घेतली. धाकटी तिच्या मागे उभी राहून वाचू लागली.

"मागे उभी राहू नकोस," थोरली मान न वळवता म्हणाली. "आणि लांबही जाऊ नकोस."