शिंपलेले मीठ

मित्रांनो, मी एक जुना वाफा आहे. वाफा म्हटले की तुम्हाला मुळा, मेथी, लाल भाजी आठवेल. माझ्यात यातले काहीच उगवत नाही. माझ्यात मीठ पिकते. पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्यात शापोरा नदीच्या काठी जे मिठागर आहे, त्याच्या पूर्वेकडच्या बांधाला लागून मी पसरलो आहे. लांबी अकरा पावले, रुंदी आठ पावले, आणि खोली फक्त चार बोटे.

मला कोणी घडवले ते मला ठाऊक नाही. गोवा मुक्त झाला तेव्हा मी शांतारामकडे होतो आणि त्याच्या आधी त्याच्या वडिलांकडे. कामाची रीत मात्र दोघांची एकच. पावसाळ्यात मी पाण्याखाली असे. दिवाळी झाली की मानस, म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, उघडून ते पाणी नदीत सोडत. बांधाला नवा चिखल लावत. मग पौषात शांताराम अनवाणी पायांनी माझी जमीन तुडवायला लागे. आठ-दहा दिवस तो नुसता तुडवत असे. माझी जमीन पाटीसारखी घट्ट आणि गुळगुळीत झाली की पुनवेच्या भरतीला नदीचे खारे पाणी आत घेत. ते आधी मोठ्या कुंडात तापत राही, आटून दाट होई आणि मग माझ्यात येई. पुढचे काम उन्हाचे आणि माझे.

मित्रांनो, पाणी उकळले की त्याची वाफ होते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. पण वाफ व्हायला चूल लागतेच असे नाही. उन्हाने तापलेले पाणी वरच्या वर, थोडे थोडे, डोळ्यांना न दिसता हवेत जाते. जाताना ते आपले मीठ खाली ठेवते. सकाळी माझ्यात चार बोटे पाणी असले तर काही दिवसांनी तीन बोटे उरते, मग दोन, आणि मग तळाशी पांढरे खडे चमकायला लागतात.

ही गोष्ट जानकीला माहीत नव्हती.

जानकी ही शांतारामची सून. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली माघात लग्न होऊन ती डिचोली तालुक्यातल्या साळ गावाहून आमच्याकडे आली. तिच्या माहेरी पोफळीची बागायत होती. घराच्या मागे डोंगर, डोंगराला झर आणि झरीचे पाणी पाटाने बागेत. दिवस उजाडला की शिंपणे करायचे, आणि एखादे आळे सुकलेले दिसले तर ते आपले पाप समजायचे, अशा घरात ती वाढली. तिचा नवरा कृष्णनाथ लग्नानंतर पंधरा दिवसांतच डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायला गेला. ती तिकडून इकडे आली आणि तो इकडून तिकडे गेला. घरी उरले सासरा आणि सून.

चैत्रातल्या एका दुपारी शांताराम बाजाराला गेला होता. जानकी बांधावर आली आणि वाकून माझ्यात पाहू लागली. पाणी एक बोट उरले होते. सासरा म्हातारा, गुडघ्याने अधू, त्याला शिंपायला जमले नसेल, असे तिला वाटले. तिने पदर खोचला आणि विहिरीचे गोडे पाणी आणून माझ्यात ओतायला सुरुवात केली. एक कळशी, दोन कळशा, अशा चौदा कळशा. माझे खडे विरघळताना मला कळत होते. पण वाफ्याला बोलता येत नाही.

शांताराम परतला तेव्हा ती घामाने भिजून, समाधानाने बांधावर बसली होती.

"कोणी शिंपल्यान ह्या?" त्याने विचारले.

"हांवेंच, बाबा. सुकत आयिल्लें म्हूण."

त्याने पाण्यात बोट बुडवून चाखले. मग म्हणाला, "ही बागायत न्हय गो. हय पाणी घालूचा नसता, घालवूचा असता."

शेजारच्या वाफ्यात कमलाक्षी काम करत होती. ती पन्नाशीची, हाताने जलद आणि तोंडाने त्याहून जलद. "शांतारामबाब," ती म्हणाली, "आता मिठाक पाणी शिंपलासच, तर दोन माडय लाय. माका सावली तरी जायत."

ही थट्टा दोन दिवसांत साऱ्या वाड्यात पोचली. शांताराम ओरडला नाही. त्याने जानकीला एवढेच सांगितले की उद्यापासून तिने आगरात पाय घालू नये. आणि कमलाक्षीला म्हणाला की मुलगा गेला तो गेला, आपले गुडघे संपले, हा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी वाफा पड ठेवायचा. जानकीने ते ऐकले. रात्री जेवताना तिने एक हंगाम शिकू द्या म्हणून विनवले, तर तो ताटावरून उठला. मीही ऐकले होते. पड पडलेला वाफा म्हणजे काय, ते मला पलीकडच्या बांधाशी दिसत होते. तिथे चिखल फुगला होता आणि तिवरांची रोपे वर येत होती.

त्यानंतर जानकी सासऱ्याची पेज घेऊन येई ती बांधावरच उभी राही. तिसऱ्या दिवशी तिने पाहिले की माझ्यातले पाणी पुन्हा एका बोटावर आले आहे.

"बाबा, हांवें घाल्लें तें उदक खंय गेलें?"

शांतारामने बोट वर केले.

"आनी मीठ?"

"मीठ जड. तेका उडाक येणा नाय."

तिने आभाळाकडे पाहिले, मग नदीकडे. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे करत ती हळूहळू म्हणाली की वर गेलेले पाणी कधीतरी खाली येणारच. साळच्या डोंगरावर पाऊस पडतो, तो मुरून झरीला येतो, झरीचे पाणी व्हाळातून याच नदीला मिळते, आणि नदी तर तुमच्या मानशीपाशी येते. मग पाणी तेच आहे की काय?

शांतारामने जन्मभर पावसाला मिठाचा वैरी मानले होते. तो कुठून येतो याचा विचार करायला त्याला सवड नव्हती. पेजेची वाटी खाली ठेवत तो म्हणाला, "म्हणजे माहेराक निरोप धाडूक तू माजो वाफो वापरलंस." हसला मात्र नाही.

मित्रांनो, जानकीचा हिशेब बरोबर होता. पाण्यावरून वर गेलेली वाफ उंचावर गार हवेत पोचते, तिचे बारीक थेंब होतात आणि थेंबांचे ढग. वारा ते ढग डोंगरांकडे लोटतो, तिथे पाऊस होतो. काही पाणी जमिनीत मुरते, काही नदीतून समुद्राकडे परतते आणि ऊन पुन्हा त्याला उचलते. या फेऱ्याला जलचक्र म्हणतात. त्यात माझा वाटा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पावसाळ्याचे ढग दूरच्या समुद्रावरून येतात, आणि त्या समुद्रापुढे अकरा पावलांचा वाफा तो केवढा. पण काम आम्ही एकच करतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यात पुन्हा मीठ धरले. शांतारामने ठरवले होते की अजून दोन दिवस ऊन खाऊ द्यायचे, खडे भरदार होतील आणि मग ओढायचे. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. त्या सकाळी जानकी धावत आली आणि बांधावर न थांबता माझ्या काठापर्यंत खाली उतरली. तिच्या हातात स्वयंपाकघरातले मिठाचे मडके होते. ते बाहेरून ओले झाले होते आणि आतले कोरडे मीठ पाझरून तळाशी पाणी साचले होते.

"बाबा, मीठ घामेलां. आज ओडूंक जाय."

कमलाक्षी हसली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. शांतारामने मडक्यात बोट घातले.

"वयर गेल्लें उदक खंय तरी आसतलेंच न्ही?" जानकी म्हणाली. "वाऱ्यांत आसा तें. मिठाक कळ्ळें, आमकां दिसना."

तिचा पावसाचा अंदाज चुकला असता तर आधीच एकदा विरघळलेले मीठ दुसऱ्यांदा अर्धेच हाती लागले असते. बरोबर असून ऐकले नसते तर काहीच उरले नसते. शांतारामने ओले बोट पुसले. मग त्याने लांब दांड्याचे लाकडी ओढणे उचलले आणि तिच्या हातात दिले.

दुपारपर्यंत दोघांनी मिळून मला रिकामे केले. जानकीने मीठ कडेला ओढले, शांतारामने पाट्या भरून बांधावर रास घातली आणि राशीवर झावळ्या दाबल्या. चार वाजता पश्चिमेकडे आभाळ काळे झाले. तासाभरात पाऊस पडला. माझ्या आजूबाजूचे वाफे पांढऱ्याचे राखाडी झाले.

दुसऱ्या दिवशी कमलाक्षी आली आणि जानकीसमोर उभी राहिली. "गो, तुजा ता मडक्या माका दी," ती म्हणाली. "सासरो तुकाच ठेव."

शांतारामने सुनेचे कौतुक केले नाही. पण पौष आला, बांध झाला, आणि पहिल्या दिवशी तो आगरात उतरताना घराच्या दारात थांबला. म्हणाला, "वाणो काड आनी ये. तुडवूक दोन पाय कमी पडतत." तिने वहाणा काढल्या. त्या दिवसापासून माझ्या जमिनीला तिचे पाय माहीत आहेत.

शांताराम जाऊनही आता बरीच वर्षे झाली. जानकीने चाळीसहून अधिक हंगाम काढले. माझ्या मिठात मुरवलेल्या कैऱ्या पार फोंड्यापर्यंत जात. पुढे घरोघरी मिठाची पाकिटे आली. एकेक वाफा पड पडला. मोरजीच्या किनाऱ्याकडे पर्यटकांच्या खोल्यांवर कामाला जाणे लोकांना सोपे वाटले, आणि मी त्यांना दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी उत्तरेचा बांध फुटला, तो अजून नीट बांधलेला नाही.

गेल्या महिन्यात विनोदिनी बाई शाळेतल्या मुलांना घेऊन आल्या. मुलांनी जलचक्राचे चित्र काढून आणले होते. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि गोल फिरणारे बाण. जानकीने चित्र हातात घेऊन नीट पाहिले. मग तिने विचारले, "सगळें बरें काडलां. पूण हांगा मनीस खंय आसा?"

मुले चित्रावर पुन्हा वाकली. बाईही वाकल्या.

मित्रांनो, पाणी कोणासाठी थांबत नाही. तुम्ही आलात किंवा न आलात तरी ते वर जाईल, ढग होईल, डोंगरावर पडेल आणि परत येईल. त्याला माझी गरज नाही. मीठ मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी फुटलेला बांध कोणाला तरी बांधावा लागतो, आणि दर पौषात वहाणा काढून कोणाला तरी माझ्यात उतरावे लागते. जानकीचे गुडघे आता दुखतात. यंदाचा पौष जवळ आला आहे.