शिलाईवालीचा चष्मा

दुपारी साडेतीनला शिलाईवालीच्या दुकानासमोर दीड-दोनशे माणसं उभी होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. पायरीवर मेलेल्यांना बोलतं करणारा साक्षीबाबा डोळे मिटून बसला होता. सहा दिवसांपूर्वी याच दुकानात, भर दुपारी, शिलाईवालीचा गळा आवळून खून झाला होता. आता बाबा तिच्या आवाजात बोलतोय, असं लोक म्हणत होते. मला तो सर्दी झालेल्या पुरुषाचा आवाज वाटत होता.

"मी पाठमोरी होते," बाबा म्हणाला. "मशीन चालू होतं. त्यानं माझीच मापाची टेप माझ्या गळ्यात टाकली. मानेमागे गाठ मारली. एक नाही, दोन."

माझ्या शेजारी तपास करणारे साहेब उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. गळा आवळल्याचं मी छापलं होतं, पण टेपचं आणि गाठींचं छापलं नव्हतं. मी गेली बावीस वर्षं खुनाच्या बातम्या लिहितो, म्हणून हे मला माहीत आहे: प्रत्येक तपासात एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवतात. चौकीत कबुली द्यायला भलभलते लोक येतात. कोणाचं डोकं फिरलेलं असतं, कोणाला नाव व्हायला हवं असतं. राखलेली गोष्ट ज्याला सांगता येते, त्याच्याच कबुलीला अर्थ. साहेब ती मला दाखवायचे आणि मी पोटात ठेवायचो.

"हे मला माहीत, डॉक्टरांना माहीत आणि तुला," साहेब हळूच म्हणाले. "कुठे बोललास का?"

मी नाही म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं. उलट माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्यात भीतीपेक्षा आनंद जास्त होता. माझी बायको जाऊन अकरा महिने झाले होते. शिलाईवाली बोलू शकते, तर तीही कधीतरी अशी स्वतःच्या आवाजात बोलेल, असं मनात आलं. त्याच आशेनं मी याआधी चार वेळा गुपचूप बाबाच्या घरी जाऊन आलो होतो. साहेबांना ते सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

"त्याच्या हातांना लोखंडाचा वास येतो," बाबा पुढे म्हणाला. "तो दूर नाही. इथेच उभा आहे."

दोनशे माना एकदम वळल्या. शेजारच्या दुकानाच्या दारात कुलूपवाला उभा होता, हातात कानस घेऊन. नळावरून त्याचं आणि शिलाईवालीचं वाजलं होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तो आधी हसला, कोणीतरी थट्टा करतंय असं समजून. "अहो, मी जेवायला घरी गेलो होतो," तो म्हणाला. "बायकोला विचारा." कोणीतरी त्याची कॉलर धरली. मग त्याचं हसू गेलं.

बाबाला गर्दीचा रंग कळत होता. त्यानं आणखी एक घास पुढे केला. "मी खाली पडले तेव्हा माझा चष्मा कपाळावर सरकलेला होता. शेवटी पाहिलं ते त्याचंच तोंड."

"आईला चष्मा नव्हता."

दारात आजीचा पदर धरून शिलाईवालीची मुलगी उभी होती. बारा वर्षांची असेल. ती मोठ्यानं बोलली नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. "आजीच्या सुईत दोराही आईच ओवायची," ती म्हणाली.

बाबानं डोळे उघडले नाहीत. "बाळ, देह सुटला की आत्म्याला दिव्य चक्षू लाभतात. ते तुम्हाला कळायचे नाहीत."

"दिव्य चक्षूंचा नंबर किती असतो?" मागून चहावाल्यानं विचारलं. कोणी हसलं नाही. पोरगी लहान आहे, तिला काय कळतंय, असं दोन-तीन बायका म्हणाल्या आणि विषय मिटला. साहेब कोपऱ्यावरच्या शिपायांना बोलवायला धावले, तोवर चार जणांनी कुलूपवाल्याला त्याच्याच दुकानाच्या उंबऱ्यावर पाडलं होतं. एकानं त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला. दुसऱ्यानं शटर खाली ओढलं. त्या आवाजानंतर कुलूपवाला ओरडला तसं ओरडणं मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी नेहमी सगळं आटपल्यावर पोचतो.

मी वही काढली. खुनाच्या जागेवर उभा राहून लिहिलेली टिपणं होती. टेप, दोन गाठी, मशीनवर अर्धवट बाही, एका पायातली चप्पल निघालेली. चष्मा कुठेच नव्हता.

तरीही तो चष्मा मला डोळ्यांसमोर दिसत होता. काळ्या काड्यांचा, कपाळावर सरकवलेला. बायको तो तसाच ठेवून घरभर शोधायची आणि माझ्यावर चिडायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशीही नर्सनं तो तिच्या कपाळावरूनच काढून माझ्या हातात दिला होता.

मग मला बाबाच्या घरातलं बाकडं आठवलं. तिथे तास-दीड तास बसवून ठेवायचे. बाबाची बहीण शेजारी विणत बसायची. बाबा आत कधीच काही विचारायचा नाही, तोच त्याचा चमत्कार. विचारायची ती. भाऊ, जेवता ना वेळेवर? भाऊ, काम फार आहे का? मला अकरा महिन्यांत असं कोणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटायचो. खुनानंतर दोन दिवसांनी गेलो तेव्हा तिला सगळं सांगितलं होतं, गाठींसकट. आणि सांगताना, जमिनीवर पडलेल्या त्या बाईच्या कपाळावर मी नकळत माझ्या बायकोचा चष्मा ठेवला होता.

दुसरा माणूस शटर पुन्हा वर उचलत होता. मी त्याच्या आणि कुलूपवाल्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"तो चष्मा माझ्या बायकोचा आहे," मी म्हणालो.

लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी सगळं सांगितलं. बाकडं, बहीण, माझी चूक. शटर धरलेला माणूस बाजूला झाला. शिपाई घेऊन परतलेले साहेब ऐकत होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. मग त्यांनी शिपायांकरवी कुलूपवाल्याला दवाखान्यात पाठवलं, बाबाला उठवलं, गर्दीतून चहावाल्यासह पाच जण साक्षीला घेतले आणि आम्ही बाबाच्या घरी गेलो. बहिणीनं दार उघडायला वेळ लावला.

बाकड्यामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. साहेबांनी ते उतरवलं. मागे मुठीएवढं भोक होतं. चहावाला बाकड्यावर बसून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाबा, चहा कडक की साधा?" आतल्या खोलीत, साहेबांनी बाबाच्या गादीवर बसवलेल्या साक्षीदाराला त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. चमत्कार तेवढाच होता. बाबा नुसता कान लावून बसायचा. आम्हीच बोलायचो.

माझी बायको तिथे कधी बोलली नाही. बाबानं तिच्या नावानं मला जे ऐकवलं, ते मीच आधी बाकड्यावर सांगितलेलं होतं.

कुलूपवाल्याची तीन बोटं तुटली. बारीक काम त्याला आता जमत नाही. साहेब माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात आणि ते बरोबर आहे. गाठींची गोष्ट दोनशे जणांनी ऐकली. उद्या कोणी कबुली दिली, तर ती खरी की खोटी हे पारखायला साहेबांच्या हातात काही उरलेलं नाही. खुनी अजून मोकळा आहे. कदाचित तो त्या दुपारी आमच्यातच उभा असेल आणि कुलूपवाल्याकडे बोट दाखवून इतरांपेक्षा मोठ्यानं ओरडला असेल.

म्हणून हे लिहितो आहे. ज्याचं माणूस गेलंय त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. मी स्वतः त्या बाकड्यावर बसलो होतो. पण कोणी तुम्हाला तुमच्या मेलेल्या माणसाचं काही सांगितलं, तर घरी या, शांत बसा आणि आठवा, हे तुम्ही आधी कोणाला सांगितलं होतं. आणि कोणी गर्दीत उभं राहून खुनी म्हणून एखाद्याकडे बोट दाखवलं, तर त्याला विचारा, तुला कसं कळलं. उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाला हात लावू नका.