न जळणारं झबलं

सभागृहाचे पडदे ओढून घेतले होते आणि दीडशे बायका श्वास रोखून बसल्या होत्या. निम्म्याहून अधिक पोटुशा, बाकीच्या त्यांच्या आया नाहीतर सासवा. व्यासपीठावर बाबांनी तान्ह्या बाळाचं एक पांढरं झबलं चिमट्यात धरलं, काचेच्या भांड्यातल्या मधाच्या रंगाच्या रसात बुडवलं, हलकं पिळलं आणि काडी लावली.

झबलं पेटलं. निळ्या ज्वाळा बाह्यांवरून गळ्यापर्यंत सरसर चढल्या. पुढच्या रांगेतली एक बाई रडायलाच लागली. बाबा मात्र ढिम्म. ज्वाळा आपोआप विझल्या, आणि झबलं जसंच्या तसं. ना भोक, ना काळा डाग. सेवेकऱ्याने ते रांगांमधून फिरवलं. बायकांनी कपाळाला लावलं.

"ज्याच्या अंगावर माझ्या गर्भरसाचं कवच, त्याला आगीचीही आच नाही," बाबा म्हणाले. "विज्ञान जिथे दमतं, तिथे माझ्या बाटलीचं बूच उघडतं. रस घेतला की घसा जळेल, डोकं हलकं होईल, पाय तरंगतील. घाबरू नका. रस बाळापर्यंत पोचल्याची ती खूण."

या सगळ्या बोलण्यात शेवटचं तेवढं खरं होतं. रस बाळापर्यंत पोचत होता.

तिसऱ्या रांगेत लाँड्रीतल्या मावशी बसल्या होत्या, शेजारी त्यांची सून. मावशींनी सव्वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून काढली होती. सुनेचं पहिलं गरोदरपण तिसऱ्या महिन्यातच हातचं गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, पाचवा आठवडा चालू होता, आणि मावशींच्या जिवाला घोर लागला होता. घोर लागलेल्या माणसाला कोणीही उल्लू बनवतं, त्याला बाबाच लागतो असं नाही. पण इथे बाबाच होता.

सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी वाटी. मावशी स्वतः मोजून द्यायच्या.

"आई, हे घेतलं की गरगरतं मला," सून म्हणायची. "वासही कसातरीच येतो."

"लवंग आहे त्यात. गरगरू दे. बाबा म्हणालेच होते."

सुनेने नाक दाबून सात महिने रस घेतला. पहिल्या वेळचं दुःख तिलाही विसरता येत नव्हतं, आणि सासू जीव टाकते आहे हे तिला दिसत होतं.

मुलगी झाली. अंगाने किरकोळ, पण झाली. मावशींनी शेजारच्या दोन पोटुशांना बाबांचा पत्ता दिला. पाच आठवडे झाले आणि बाळाचं दूध पिणं बिघडलं. चार घोट घेतले की धाप लागायची, कपाळावर घाम यायचा. अंगावर पिणाऱ्या बाळाला घाम का यावा, हे मावशींना कळेना.

लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर करडं, हलतं चित्र दाखवलं. "हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे. मोठं आहे. ऑपरेशन करावं लागेल." मग त्या सुनेकडे वळल्या. "दिवस असताना काही दारू, बिअर वगैरे?"

मावशी ताडकन उठल्या. "आमच्या घरात नाव काढत नाही कोणी दारूचं. माझा नवरा तिनेच खाल्ला. भलत्या घरात भलतं विचारू नका."

"सगळ्यांनाच विचारते मी, आजी. बरं, टॉनिक, काढा, घरगुती औषध काही?"

सून सासूकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गर्भरस."

दुसऱ्या दिवशी मावशींनी उरलेली बाटली नेऊन दिली. डॉक्टरीणबाईंनी बूच काढून हुंगलं आणि ती तपासणीला पाठवली. चार दिवसांनी कागद आला. बाटलीत जवळजवळ निम्मी दारू होती. बाकी पाणी, मध, लवंगेचा अर्क.

"म्हणजे हे भोक यानेच पडलं?" सुनेने विचारलं.

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. एकही थेंब न घेणाऱ्या बायकांच्या बाळांनाही असं होतं. पण दारूने धोका वाढतो, हे नक्की. पहिल्या दोन महिन्यांतच हृदय घडतं. नेमकं तेव्हाच तुम्ही हे घेत होतात. पोटातल्या बाळाला झेपेल एवढी थोडीशी दारू, असं काही मापच नाही."

घरी येताना सून बसमध्ये सासूच्या शेजारी बसली नाही.

मावशींना त्या दिवसापासून एकच गोष्ट कुरतडत राहिली. दारू तर दारू. मग झबलं का जळलं नाही?

उत्तर त्यांच्या हाताखालीच होतं. लाँड्रीत शाईचे डाग काढायला स्पिरिटची बाटली असते. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मागच्या मोरीत एक जुना रुमाल नुसत्या स्पिरिटमध्ये बुडवून पेटवला. कडा करपल्या. मग त्या इस्त्रीच्या टेबलाकडे बघत राहिल्या. रेशमी साडीवर कडक इस्त्री फिरवायची तर आपण आधी काय करतो? ओलं फडकं पसरतो. पाणी चटका खातं, कापड वाचतं. त्यांनी निम्मं स्पिरिट, निम्मं पाणी घेतलं. रुमाल बुडवला, पिळला, चिमट्यात धरून पेटवला. निळी ज्वाळा उठली, नाचली, विझली. रुमाल शाबूत.

सव्वीस वर्षं जे रोज करत आलो, त्यालाच आपण हात जोडले होते.

पुढच्या सभेला त्या पहिल्या रांगेत होत्या. बाबांचं झबलं पेटून विझलं आणि कुजबुज सुरू झाली, तशा त्या उठल्या. पिशवीतून नातीचं झबलं, चिमटा आणि स्पिरिट-पाण्याचा डबा काढला, झबलं त्यात बुडवून पिळलं. सेवेकरी आडवा येईपर्यंत काडी पेटली होती. झबलं निळं जळलं आणि विझलं. मावशींनी ते उलगडून धरलं.

"बघा. माझ्यात काही देव नाही. शाईचे डाग काढायचं स्पिरिट आहे आणि नळाचं पाणी. स्पिरिट जळतं, पाणी कापडाला सांभाळतं. यांच्या रसातही तेच आहे. फक्त तिथे स्पिरिटच्या जागी प्यायची दारू आहे."

"बाई," बाबा गोड आवाजात म्हणाले, "तुझ्या नातीला दुखणं आहे, कळलं मला. तुझी श्रद्धा कमी पडली. घरात कोणाचं तरी पाप आड आलं."

"हो, आलं. माझं."

मग मागून एक बस ड्रायव्हर उठला. बायकोला सोडायला आला होता. "बायको रस घ्यायला घाबरत होती, म्हणून तिच्यादेखत मी वाटीभर प्यायलो होतो. डेपोत मशीनमध्ये फुंकलं, तर दारू निघाली. दोन आठवडे घरी बसवलं मला. शपथा घेत होतो मी, की थेंबाला शिवलो नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. ड्रायव्हर हसला नाही. त्याची बायको पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

बाबा पडद्यामागे कधी गेले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मावशी बोलतच होत्या. "माझ्या नवऱ्याने जन्मभर ढोसली. तो वास मी झोपेतही ओळखीन. पहिल्या दिवशी बूच काढलं तेव्हाच ओळखला होता. पण बाबा खोटं कसं बोलतील, म्हणून मीच माझ्या नाकाला गप्प केलं. अक्कल होती मला. वापरायची हिंमत नव्हती. तुम्ही तुमची वापरा. ज्या घेत असाल त्यांनी आज बंद करा. उशीर झाला म्हणून चालू ठेवू नका. आणि दवाखान्यात खरं सांगा."

काही बायकांनी बाटल्या खुर्चीखाली ठेवल्या. काहींनी पदराखाली लपवून घरी नेल्या. एक म्हातारी जाताजाता म्हणाली, "स्वतःच्या सुनेचं वाटोळं केलं, आता आमचं करायला आली." अर्धं खरंच होतं ते.

सून अजून कामापुरतंच बोलते. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. बाळाला आंघोळ घालायला ती सासूकडे देते, पण दूध पाजताना कोणालाही जवळ बसू देत नाही. मावशींनी नातीचा घाम पुसायला हात पुढे केला की ती फडकं स्वतःच उचलते.

परवा दुपारी ड्रायव्हरची बायको लाँड्रीत आली. हातात कपडे नव्हते.

"मी सहा आठवडे घेतला तो रस. आता बंद केलाय. माझ्या बाळाला काही होणार नाही ना, मावशी? तुम्ही म्हणाल तसं करीन मी. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

मावशींनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"माझ्यावर नको ठेवूस," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही. ज्यांना तपासून कळतं, त्यांना विचारू. त्या काय सांगतात, कशावरून सांगतात, तेही विचारू. चल, मी येते बरोबर."

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून त्या तिला घेऊन दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.