पांढरीतली टरबुजं

कस्तुराबाईनं वेल मुठीत धरला, विळा मुळाशी घातला आणि ओढला. वेल तुटला, त्याच्यासोबत दोन टरबुजं गडगडत तिच्या पायाशी आली. त्यांच्यावरही तिनं विळा हाणला. तो गुळगुळीत सालीवरून सटकला, वेलांखाली अंथरलेल्या मुलचिंगच्या प्लॅस्टिक कागदाला भोक पडलं, आणि ती जास्तच भडकली. दुसरा वेल. तिसरा. विळा तिला बाभळीच्या फांदीला अडकवलेला आयताच सापडला होता. सापडला नसता तर तिनं दातांनी वेल तोडले असते.

धाकट्या लेकीला डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं म्हणून ती संक्रांतीच्या आधी लोह्याला गेली होती. नातू झाला, बाळंतीण उठून हिंडायला लागली, तेव्हा कुठं आज ती परत निघाली. भर दुपारी एसटीनं फाट्यावर सोडलं. उजवीकडं नवं गाव, डावीकडं जुनं. भूकंपानं एका पहाटे जुनं गाव झोपवलं, सरकारनं पलीकडं नवं वसवलं, आणि जुन्या पांढरीत, म्हणजे जिथं घरं होती त्या मातीत, तीस वर्षांत कुणी नांगर घातला नाही. शेळ्यासुद्धा कुणी तिकडं वळवत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, करायची वेळच आली नव्हती. वर्षातून एकदा सगळे फाट्याजवळच्या दगडापाशी जमायचे, हार घालायचे आणि माघारी फिरायचे. कस्तुराबाई तर त्या दगडाच्या पुढं एक पाऊलही गेली नव्हती.

आणि आज, डांबर वितळत असताना, तिथं हिरवंगार! ढिगारे हटवलेले, काळ्या नळ्या अंथरलेल्या, कागदावर वेल पसरलेले. ती पिशवी घेऊन तशीच चालत आत आली होती.

"काकू! ओ काकू! काय करायलाव?"

आवाज ओळखीचा होता. तिच्या धाकट्या दिराचा पोरगा बजरंग आडाकडून पळत येत होता, हातात तांब्या, पाणी सांडत होतं. चाळिशीला टेकलेला माणूस, पण पळताना अजून शाळेतल्या पोरासारखा पळायचा.

"तुझं हाय ह्ये?" तिनं विचारलं.

"आधी विळा खाली ठेवा."

"तुझं हाय का म्हनलं!"

"हाव. माझं हाय."

चौथा वेल तिनं त्याच्या डोळ्यांदेखत तोडला.

"तीन महिने रोज फोन करत व्हतास. काकू जेवलाव का, काकू गोळी घेतलाव का. आन् ह्ये सांगायला जीभ झडली व्हती तुझी?"

"तुमी नको म्हनला असता."

"मग! नको म्हनले असते तर नको! माझं घर व्हतं हितं. माझी चार वर्षांची गौरा गेली हितं. आन् तू लोकांच्या चुली-न्हाण्या उकरून टरबुजं लावलास? तुला दुसरी माती मिळाली न्हाई?"

बजरंग विळ्याच्या टप्प्याबाहेर उभा राहिला. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

"शेतातलं बोअर आटलं, काकू. आडाला तेवढं पानी हाय. तीस वर्षं कुनी उपसलंच न्हाई. साक्षीचं लातूरला औंदा शेवटचं वर्ष. तिला मधातनं माघारी आनू?"

"मला साक्षीचं सांगू नको!"

साक्षी ही त्याची लेक. डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षं लातूरला क्लासला होती. गावातल्या अर्ध्या घरांचं एकेक लेकरू तिथंच होतं. बाया फोनवर बोलताना भाजीचं विचारायच्या आधी मार्क विचारायच्या.

"कुठं इकतोस?" कस्तुराबाईनं विचारलं.

"क्लासच्या रस्त्याला. सांजच्याला क्लास सुटला की पोरं फोडी खातात. साक्षी मैत्रिणी घिऊन येती. म्हनती, माझ्या बापाच्या हातचं हाय."

तिच्या डोळ्यांपुढं तो रस्ता आला. कुणाकुणाची पोरं टरबूज खात उभी आहेत आणि तिच्या घरातल्या मातीवर पिकलेल्या फळाच्या बिया थूऽ करून गटारात थुंकत आहेत.

"उपटते. सगळं उपटते मी. बघतेच कोन आडवतंय."

"उपटा," बजरंग म्हणाला. त्याचाही आवाज आता चढला होता. "उद्या फिरून टेम्पो यायलाय. त्याच्याआधी सगळं उपटा. पर आधी हिकडं या. एकदा बघा, मग काय करायचं ते करा."

"मला काई बघायचं न्हाई."

तो मात्र चालायला लागला होता. शिव्या देत ती त्याच्या मागं गेली. शिव्या तरी कुठवर पुरणार? ऊन इतकं होतं की तोंड उघडलं की टाळू वाळायची.

वाफ्यांच्या मधोमध चार हातांचा एक चौकोन मोकळा होता. कडेनं दगड रचलेले. पाण्याची नळी सरळ येत होती, चौकोनापाशी वळसा घालून पुढं गेली होती. आत कागद नाही, वेल नाही, गवताची काडी नाही. फक्त झाडून काढलेली माती, आणि कोपऱ्यात जात्याची खालची तळी.

"गौराची जागा," बजरंग म्हणाला. "जेसीबीवाल्याला म्हनलं, हितं दात लावलास तर तुझं माझं जमनार न्हाई. जातं तुमचंच हाय, मी वळखलो. जात्यापाशी तुमी निजत व्हताव. रोज सकाळ-दुपार हितं तांब्याभर पानी घालतो मी."

कस्तुराबाईनं जात्याकडं बघितलं. जातं तिचंच होतं. पण जागा ही नव्हती!

हे जातं भूकंपाच्या दिवशी माणसांनी ढकलत ढकलत बाहेर काढलं होतं. दगड उचलताना आडवं येत होतं म्हणून रस्त्यापर्यंत लोटलं आणि तिथंच टाकलं. तिनं स्वतः बघितलं होतं. हा चौकोन म्हणजे दारापुढचा रस्ता. इथं बैलगाड्या जायच्या. हा मुडदा बजरंग तीन महिने रस्त्याला पाणी घालत होता आणि गौरा झोपली होती तिथं, तिथं यानं वेल लावले होते.

"आरं गाढवा..." तिनं तोंड उघडलं.

"एक सांगू काकू?" बजरंग मध्येच बोलला. तो तिच्याकडं बघत नव्हता. "त्या राती गनपती शिरवून आलो. आमी शेतातल्या छपरात निजायला चाललो व्हतो. गौरा माझ्यामागं लागली, दादा मी बी येते म्हनून. तुमी धाडत बी व्हताव. मीच नको म्हनलो."

कस्तुराबाई त्याच्याकडं वळली.

"म्हनलो, ही लई लाथा मारती. वाकळ फेकून देती. रातभर हिच्यावर कोन वाकळ घालत बसल?" त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी त्या चौकोनात ओतलं. "छपराला काईच झालं न्हाई. पाचटाचं व्हतं. साक्षी चार वर्षांची झाली तवापासनं तर मला..."

त्यानं रिकामा तांब्या उलटा धरून झटकला.

कस्तुराबाईला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. तीस वर्षं आपल्या हातचं जेवला आणि हे पोटात ठेवून बसला. मग तिला तो त्या दिवशीचा दिसला, आठ वर्षांचा, अर्ध्या चड्डीतला, ढिगाऱ्याजवळ उभा राहून एकसारखा म्हणत होता, गौराला काढा, गौराला काढा. तेव्हा तिनं त्याला हिसडून बाजूला केलं होतं. का रडतो हे विचारलं नव्हतं. आता हा राग कुणावर काढायचा? ती पाठ फिरवून आडाकडं गेली.

आडाच्या कठड्याला हात लावून ती उभी राहिली. दगडावर दोराच्या खाचा होत्या, त्यात तिचीही एक असणार. मग ती वळली आणि चालू लागली. डोक्यावर घागर असल्यासारखी मान आपोआप ताठ झाली. रोज चार खेपा घालायची ती. वीस पावलं, आणि एकविसाव्याला मागच्या दाराचा उंबरा. वेलांतून वाट काढत ती मोजत गेली. एकविसाव्या पावलाला तिनं नकळत पाय थोडा उचलून टाकला. आत डाव्या हाताला, भिंतीच्या कडेला, तिची आणि गौराची वाकळ.

तिथं एक टरबूज होतं. भोवतालच्या सगळ्यांपेक्षा मोठं. ऊन लागून फळं करपू नयेत म्हणून बजरंगनं सगळ्यांवर वाळलं गवत घातलं होतं, याच्यावरचं तेवढं वाऱ्यानं उडून गेलं होतं. उघडं पडलं होतं ते, एका कुशीवर. विळा तिच्या हातात अजून तसाच होता.

बजरंग मागून आला. घाबरत घाबरतच आला.

"ह्ये तोडायचं न्हाई," ती म्हणाली.

"आं?"

"ह्येला हात लावायचा न्हाई. कच्चं हाय."

बजरंग वाकला. सवयीनं त्यानं फळावर बोटं वाजवली, देठाजवळची वाळलेली तार चिमटीत धरून बघितली. "काकू, ह्ये तर सगळ्यांत जादा पिकलंय. ह्येचा आवाज तर..."

"कच्चं हाय म्हनलं ना!" ती इतक्या जोरात ओरडली की बाभळीवरची पाखरं उडाली. "मला शिकवायलास? बाकीचं ने. सगळं ने, घाल जा लातूरच्या पोरांना. ह्ये ऱ्हाऊ दे हितं. ह्येला हात लावलास तर तुझा हात तोडीन मी."

बजरंगनं तिच्याकडं बघितलं, मग फळाकडं. मग मागं वळून आडाकडं, तिथून इथपर्यंतच्या तुडवलेल्या वेलांकडं. त्यानं हातातला तांब्या खाली टेकवला.

"हाव काकू," तो म्हणाला. "कच्चं हाय."

तिनं विळा बाजूला टाकला. गुडघ्यांवर हात देत खाली बसली, आजूबाजूचं वाळलं गवत गोळा केलं आणि त्या टरबुजावर नीट पसरलं. गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि निम्मं गवत घेऊन गेली.

"लई हट्टी," ती करवादली, आणि पुन्हा गवत गोळा करायला लागली.